फ्री डिशवरचं रेकॉर्ड करायला कुठला बॉक्स घ्यावा? ठाण्यात आहोत

सावली_ठाणे:

नमस्कार मंडळी. सासू-सासरे आता कायमचे आमच्याकडे राहायला आलेत, कोलशेत रोडला, सातव्या मजल्यावर. आमचं दोघांचं टीव्ही बघणं म्हणजे मोबाईल नाहीतर ओटीटी, त्यामुळे डीटीएचचं रिचार्ज कधीच सोडून दिलंय, छत्री तेवढी गॅलरीच्या ग्रिलला आहे आणि तिच्यावर कबुतरांनी संसार थाटलाय. आता आईंना गावी दूरदर्शनच्या फुकटच्या फ्री डिशची सवय, सह्याद्री आणि ते मराठी पिक्चरचे फुकटचे चॅनल. तेवढं काय, बॉक्स आणून लावू. पण संध्याकाळी त्या भजनी मंडळाला जातात आणि नेमकं तेव्हाच त्यांचं काहीतरी लागतं, घरी आल्या की चप्पल काढायच्या आधी "झालं का गं ते?" म्हणून विचारतात. पूर्वी व्हीसीआरवर लावून ठेवायचे तसं काही करता येतं का?

स्टेशनजवळ एका दुकानात विचारलं तर तो माणूस हसायलाच लागला, म्हणे आता रेकॉर्डिंग कोण करतं मॅडम, मोबाईलवर बघा. अहो पण त्यांना मोबाईलवर नाही बघायचंय ना!

तर विचारायचं असं की रेकॉर्डिंगचा बॉक्स नक्की कुठला घ्यायचा, एक चॅनल रेकॉर्ड होताना दुसरा बघता येतो का (बाबांना मॅच आणि बातम्या लागतात म्हणून), पेनड्राईव्ह पुरतो की हार्डडिस्क घ्यावी, आणि केलेलं रेकॉर्डिंग गावच्या टीव्हीवर नेऊन लावता येईल का. की सरळ पैसेवाल्या डीटीएचचा रेकॉर्डर घेऊन टाकू? खर्चाचं फार नाही, पण उगाच महागाचं आणून कोपऱ्यात पडायला नको.

आळशी_बोका:

सह्याद्री युट्यूबवर लाईव्ह असतं की. आणि प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आलंय २०२४ च्या नोव्हेंबरात, त्यात दूरदर्शनचं सगळं आहे. स्मार्ट टीव्ही असेल तर रेकॉर्डिंगचा उपद्व्याप कशाला.

सावली_ठाणे:

@आळशी_बोका ते करून बघितलंय. आईंना रिमोटचं एक बटण दाबलं की चॅनल लागला पाहिजे. ॲप उघडा, शोधा, मधे जाहिरात स्किप करा, हे त्या करत नाहीत आणि मी ऑफिसात असते. शिवाय पिक्चरचे चॅनल तिथे कुठे?

एलएनबी_वाला:

ताई, मी वाशीला असतो, फावल्या वेळात छत्र्या बसवून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे फ्री डिशसाठी 'रेकॉर्डर' अशी वेगळी वस्तू मागितली की दुकानदार गोंधळतो. साधा सेट टॉप बॉक्सच असतो, त्याला यूएसबीचं भोक असतं, आणि त्यातल्या काही बॉक्सना रेकॉर्डिंग येतं काहींना येत नाही. यूएसबी दिसलं म्हणून रेकॉर्डिंग होईलच असं समजू नका, बऱ्याच स्वस्तातल्या बॉक्समधे ते भोक फक्त गाणी लावायला नाहीतर सॉफ्टवेअर टाकायला असतं. खोक्यावर पीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंगवाला) लिहिलंय का आणि रिमोटवर लाल टिंबाचं रेकॉर्डचं बटण आहे का ते बघा, तरी त्याच्यावरही विश्वास ठेवू नका, दुकानातच करून बघा.

घ्यायचा तर एमपेग-४ चाच घ्या (चित्र दाबून पाठवायची ही नवी पद्धत, एमपेग-२ जुनी). फ्री डिशवर दोन्ही प्रकारचे चॅनल आहेत, जुना एमपेग-२ चा बॉक्स एमपेग-४ वाले चॅनल दाखवतच नाही, आणि एचडी चॅनल सगळे एमपेग-४ मधे. उलट एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही दाखवतो. शेदोनशे रुपयांच्या फरकासाठी जुना उचलू नका.

आता दुकानात काय करायचं. पेनड्राईव्ह घरूनच घेऊन जा. कुठलाही चॅनल लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करा, मग पेनड्राईव्ह काढून लॅपटॉपला लावा आणि व्हीएलसी प्लेअरमधे चालवून बघा. टीएस नाहीतर एमपीजी अशी फाईल दिसली आणि सरळ चालली तर तो बॉक्स चांगला, तुमच्या गावच्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर काहीतरी करून चालेल. काही बॉक्स स्वतःच्याच कसल्यातरी फॉरमॅटमधे लिहितात, ते त्याच बॉक्सवर चालतं, बॉक्स बिघडला की रेकॉर्डिंग गेलं. असला घेऊ नका.

दुसरं, टायमर. पाच मिनिटांनंतरचा टायमर लावा, रिमोटने बॉक्स बंद करा आणि थांबा. आपोआप जागा होऊन रेकॉर्डिंग सुरू केलं पाहिजे. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. तुमचा सगळा खेळ या टायमरवर आहे, बाकी चित्र थोडं इकडेतिकडे असलं तरी आईंना चालेल पण टायमर चुकला तर बॉक्स काय कामाचा? आणि घरी आल्यावर घड्याळ बघा, बॉक्स सॅटेलाइटवरनं जी वेळ घेतो ती ग्रिनिचची असते, मेनूत +५:३० करावं लागतं. काही स्वस्त बॉक्समधे अर्धा तास टाकायची सोयच नसते, मग टायमर कायम अर्ध्या तासाने हुकतो आणि लोक बॉक्सला शिव्या घालतात.

एक चॅनल रेकॉर्ड आणि दुसरा बघणं: या बॉक्सना ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, एकच असतो. रेकॉर्डिंग चालू असताना त्याच ट्रान्सपाँडरवरचे (एका फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारा चॅनलचा गठ्ठा) बाकीचे चॅनल बघता येतात, दुसऱ्या ट्रान्सपाँडरचा लावायला गेलात तर बॉक्स विचारतो रेकॉर्डिंग थांबवू का. म्हणजे मेनूत चॅनलची फ्रिक्वेन्सी दिसते, दोघांची सारखी असेल तर जमतं. बाबांसाठी सरळ दुसरा साधा बॉक्स घ्या, दोन ट्यूनरचा परदेशी बॉक्स घेण्यापेक्षा स्वस्तात पडेल. पण मग छत्रीवर दोन तोंडांची एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचं सिग्नल पकडणारं डबडं) लागेल, एका केबलला स्प्लिटर मारून दोन बॉक्स जोडले आणि एकाने एलएनबीला १३ व्होल्ट दिले, दुसऱ्याने १८ (कुठले चॅनल हवेत ते बॉक्स असं सांगतो), तर कधी याचे चॅनल जाणार कधी त्याचे.

पैसेवाल्या डीटीएचच्या रेकॉर्डरबद्दल: ते वापरायला छान असतात, मालिकेचं नाव निवडलं की सगळे भाग आपोआप. पण महिन्याचं रिचार्ज चालू राहिलं पाहिजे, आणि त्यातलं रेकॉर्डिंग कोड केलेलं असतं, बाहेर काढून गावी नेता येत नाही. फुकटचे चॅनल बघायला दरमहा पैसे कशाला भरायचे हे माझं मत, बाकी तुमची मर्जी.

ऐरोली_एक्सप्रेस:

एलएनबीभाऊंनी सगळं सांगितलं पण टीव्ही कुठला आहे ते कोणी विचारलंच नाही. आजकालच्या बऱ्याच टीव्हींना आतच सॅटेलाइट ट्यूनर असतो, मागे स्क्रूवालं गोल कनेक्शन दिसतं आणि स्पेसिफिकेशनमधे डीव्हीबी-एस२ लिहिलेलं असतं. बीआयएसने २०२२ साली अशा टीव्हींसाठी वेगळं मानक पण काढलंय, आयएस १८११२. मग छत्रीची केबल डायरेक्ट टीव्हीत, बॉक्स नाही, दुसरा रिमोट नाही, आजींना एकदम सोपं.

एलएनबी_वाला:

बघायला उत्तम, रेकॉर्डिंगला नाही. काही मॉडेलवर भारतात रेकॉर्डिंगचा पर्यायच दिलेला नसतो. जिथे असतो तिथे टीव्ही आधी हार्डडिस्क पूर्ण पुसून आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो, आणि ते रेकॉर्डिंग फक्त त्याच टीव्हीवर चालतं, शेजारी तसलाच दुसरा टीव्ही असला तरी नाही. त्यांना गावी न्यायचंय. पण एक कल्पना चांगली आहे तुमची, टीव्हीत ट्यूनर असेल तर बाबांना दुसरा बॉक्स नको, एक केबल टीव्हीत एक बॉक्समधे.

खारघर_पेंग्विन:

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (तो तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडून आहे का घरी? यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर घ्या, टीव्हीहेडएंड नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका, विषय संपला. एका ट्रान्सपाँडरवरचे सगळे चॅनल एकाच वेळी रेकॉर्ड होतात, कारण ट्यूनर अख्खा गठ्ठाच खाली उतरवतो, फुकटच्या चॅनलला कोड नाही, त्यातनं हवं ते वेगळं करून लिहायचं. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, मोबाईलवर वायफायने बघा. टायमर ब्राउझरमधून लावायचा, म्हणजे तुम्ही ऑफिसातनं सुद्धा लावू शकता. बॉक्सवाले बॉक्सच सुचवणार.

एलएनबी_वाला:

आणि ते बंद पडलं की खारघरहून कोलशेतला तुम्ही येणार का?

खारघर_पेंग्विन:

रिमोट लॉगिन नावाचा प्रकार असतो दादा.

सावली_ठाणे:

भांडू नका हो. पेंग्विन, वाचायला भारी वाटलं पण आमच्या ह्यांना राउटर रीस्टार्ट करायला सुद्धा मलाच सांगावं लागतं, त्यामुळे सध्या बॉक्सच. लॅपटॉपचं डोक्यात ठेवते.

टीव्हीला मागे बघितलं, स्क्रूवालं कनेक्शन आहे! म्हणजे बाबांचं सुटलं.

आता एलएनबीभाऊ, दोन अडचणी. एक म्हणजे बाबा रात्री गॅसचा नॉब बघतात तसं घरातली सगळी बटणं बंद करत फिरतात, टीव्हीचं बोर्डावरचं तर आधी. दिवसा सुद्धा बाहेर पडताना. मग टायमर चालेल का? आणि दुसरं, छत्री आहे तीच चालेल का नवीन लागेल? गॅलरीत सकाळचं ऊन येतं, समोर थोडं उजवीकडे नवीन टॉवर उभा राहिलाय, त्याचे पंधरा-सोळा मजले झालेत.

एलएनबी_वाला:

बोर्डावरनं बंद केलं तर नाही चालणार, बॉक्स मेला म्हणजे घड्याळही मेलं. रिमोटने बंद ठेवायचा, लाल दिवा जळत राहिला पाहिजे. बाबांना समजावण्यात शक्ती घालवू नका, माझा अनुभव आहे, ही पिढी बटण बंद केल्याशिवाय झोपत नाही. फ्री डिशचे बरेच बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, खोक्यावर बघून घ्या. राउटरला लावतात तो छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, पिन जुळत असेल तर तो मधे लावा आणि त्याचा प्लग टीव्हीच्या बोर्डात न लावता राउटरच्या बोर्डात लावा. राउटरचं बटण बंद केलं तर घरात सगळेच ओरडतात, त्यामुळे तिथे बाबा हात लावत नसतील. लाईट गेली तरी रेकॉर्डिंग चालू राहील हा वर फायदा.

छत्री बहुतेक तीच चालेल, फक्त फिरवायची आणि एलएनबी दोन तोंडांची बसवायची. पूर्वी तुमचं कुठल्या कंपनीचं होतं त्यावर किती फिरवायची ते ठरतं. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. डिश टीव्ही ९५ वर, म्हणजे छत्री नावापुरतीच हलवायची, टाटा प्लेची ८३ वर आणि एअरटेलची १०८.२ वर, तिथे जास्त फिरवावी लागते. सन डायरेक्टची असेल तर तीही ९३.५ च, हात लावायची गरज नाही.

ठाण्यातनं ९३.५ म्हणजे आग्नेयेला, उत्तरेपासून मोजलं तर १३१ अंशाच्या आसपास, आणि वर साधारण ५७ अंश. मोबाईलमधला होकायंत्र चालेल, फक्त ग्रिलच्या लोखंडापासून लांब धरा. लोक छत्रीकडे बघून म्हणतात ही तर समोरच्या बिल्डिंगकडेच बघतेय, तसं नसतं, या छत्र्या ऑफसेट असतात, तोंड दिसतं त्यापेक्षा त्यांची नजर बरीच वर असते. येऊरचा डोंगर पश्चिमेला, त्याचा संबंध नाही, आणि पारसिकचा डोंगर आग्नेयेला असला तरी ५७ अंशांत कुठे येतोय.

टॉवरचा हिशोब असा: जेवढ्या अंतरावर तो आहे त्याच्या दीडपट उंचीपर्यंत तो तुमच्या छत्रीच्या वर गेला तरी चालतं. २० मीटरवर असेल तर छत्रीच्या वर ३० मीटर, म्हणजे दहाएक मजले. तुम्ही सातव्यावर, तो सोळाव्यापर्यंत आलाय, म्हणजे आत्ता काठावर आहे. मधला रस्ता रुंद असेल तर काळजी नाही, पण अजून किती मजले चढणार आहेत ते वॉचमनला विचारून ठेवा.

एक फुकटची युक्ती सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या सॅटेलाइटच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर ऊन पडलं असेल तर सॅटेलाइटही दिसतो, सावली असेल तर नाही. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं ते पण याच कारणाने, घाबरून मेकॅनिक बोलावू नका.

आळशी_बोका:

हे सगळं करून जुलैत पाऊस आला की "सिग्नल नाही".

एलएनबी_वाला:

येतं, खोटं कशाला बोलू. केयू बँड आहे, म्हणजे पावसात अडणाऱ्या लहरी, धो धो पावसात सगळ्यांचंच जातं, पैसेवाल्यांचं पण. त्यावर दोनच उपाय, छत्री अगदी बारीक नेमकी लावणं आणि मोठी छत्री. साध्या छत्र्या ६० सेंटीमीटरच्या असतात, ९० ची लावली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट, साध्या पावसात मग काही होत नाही, ढगफुटीत जाईल. पण ९० ची छत्री सातव्या मजल्यावर ग्रिलला लावू नका, वारा धरते, ती गच्चीवरच. तिथे सोसायटी. आमच्याकडे एका सोसायटीने गच्चीवर छत्र्या नको म्हणून ठराव केला आणि सेक्रेटरीच्या खिडकीत स्वतःची छत्री, असो.

बहुतेक वेळा मी बघतो तर छत्री नाही, केबलची टोकं कुजलेली असतात. टोकाचा स्क्रूवाला एफ कनेक्टर गंजून हिरवा झालेला असतो, आत पाणी. दोन कनेक्टर बदलून वर रबर टेप गुंडाळला तर सिग्नल एकदम सुधारतो. कबुतरांचं घरटं असेल तर आधी ते बघा, त्यांची घाण एलएनबीच्या तोंडावरच्या प्लास्टिकवर साचते.

निवृत्त_नौपाडा:

उशिरा आलो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हापासून मी प्रेक्षक आहे, गच्चीवर चढून "आलं का? आलं का?" करत वरळीच्या मनोऱ्याकडे अँटेना फिरवणारी आमची पिढी. ते ॲनालॉग प्रक्षेपण आता गेलंच.

सासरेबुवांच्या मॅचबद्दल एक लक्षात ठेवा. २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी चॅनलला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. पण २०१७ च्या ऑगस्टमधे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो वाटून घेतलेला सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचा, केबलवर नाही. म्हणून शेजारच्यांकडे केबलला डीडीवर मॅचच्या जागी भलतंच काही दिसलं तर गोंधळू नका.

आणि कोणी घाबरवेल की रेकॉर्डिंग बेकायदेशीर आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९ वाचा. स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग प्रक्षेपण हक्काचा भंग धरत नाहीत. भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकणं, युट्यूबला चढवणं वेगळं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी हार्डडिस्क लावलीय आणि शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम साठवतो. बायको म्हणते ऐकतोस कधी? साठवण्यात पण एक सुख असतं.

सावली_ठाणे:

काका, वाचून मजा आली, आमच्या बाबांना दाखवते.

तेवढं पेनड्राईव्ह की हार्डडिस्क राहिलंच. आईंचं रोजचं एक-दोन तासांचं असेल, बघून झालं की पुसायचं, एखादा पिक्चर ठेवायचा.

एलएनबी_वाला:

एवढ्याला ६४ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेनड्राईव्ह भरपूर. साध्या चॅनलचं तासाला साधारण १ ते दीड जीबी होतं, म्हणजे चाळीसेक तास मावतात. एचडी केलं तर कमी. फुटपाथवरचा घेऊ नका, लिहिण्याचा वेग कमी पडला की चित्र अडकत अडकत रेकॉर्ड होतं आणि वाटतं सिग्नलच खराब आहे.

बॉक्सच्याच मेनूतनं फॉरमॅट करा. बरेच बॉक्स फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलंच ओळखतात आणि त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून तीन तासांचं नाटक दोन तुकड्यांत दिसू शकेल, ते बिघडलेलं नाही, बॉक्स एकामागून एक लावतो. लॅपटॉपवर घेताना सगळे तुकडे उचला.

हार्डडिस्क घ्यायची तर नौपाड्याच्या काकांना विचारा वीज कुठून देतात. बॉक्सच्या यूएसबीतनं ५०० मिलिअँपिअर मिळतात, तेही स्वस्त बॉक्समधे पूर्ण मिळतील असं नाही, डिस्क फिरायला सुरू होताना त्यापेक्षा जास्त मागते. मग डिस्क टकटक करते आणि रेकॉर्डिंग मधेच थांबतं.

निवृत्त_नौपाडा:

बरोबर. मी वेगळ्या अडॅप्टरचा यूएसबी हब लावलाय मधे. त्याआधी टकटक ऐकून मला वाटलं पाल आहे.

सावली_ठाणे:

ठरलं मग. एमपेग-४ चा पीव्हीआर बॉक्स, ६४ चा पेनड्राईव्ह, मिनी यूपीएस, दोन तोंडांची एलएनबी, टीव्हीच्या ट्यूनरवर बाबा. ठाण्यात दुकानात टायमर करून बघू देणारा कोणी नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन येते.

शेवटचं, मंडळ बुधवारी आणि शनिवारी असतं. तर दर वेळी टायमर लावावा लागेल का?

एलएनबी_वाला:

नाही, टायमरमधे एकदा, रोज, दर आठवड्याला असे पर्याय असतात. बुधवारचा एक आणि शनिवारचा एक लावून टाका. फ्री डिशवर कार्यक्रमांची यादी नीट येईलच असं नाही, त्यामुळे नाव निवडून लावायच्या भानगडीत न पडता चॅनल आणि वेळच टाका. सुरुवात पाच मिनिटं आधीची आणि शेवट पंधरा मिनिटं नंतरचा ठेवा, आधीचा कार्यक्रम लांबला की सगळंच पुढे सरकतं.

आणि फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, एप्रिलच्या सुमाराला चॅनल येतात जातात, तेव्हा पुन्हा स्कॅन करावं लागतं. स्कॅन केलं की जुने टायमर पुसून नवे लावा. काही बॉक्समधे टायमर चॅनलच्या नंबराला चिकटलेला असतो, नंबर सरकला की सह्याद्रीच्या जागी भोजपुरी पिक्चर रेकॉर्ड होतो.

खारघर_पेंग्विन:

टीव्हीहेडएंडमधे असं होत नाही. सांगून ठेवतो फक्त.

निवृत्त_नौपाडा:

लॅमिंग्टनला रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारच्या आत जा, ग्रँट रोडला उतरून चालत पाच-सात मिनिटं.

सावली_ठाणे:

शनिवारी मंडळ आहे, आईंना सोडायला मीच जाते. आता एखाद्या दिवशी हाफ डे टाकते.